तुळजाचे खोटे चार दिवस

दिग्गी गावच्या लखूची बायको तुळजा दर महिन्याला चार दिवस अंगणापलीकडच्या खोपीत बसायची, आणि सतरा महिन्यांत तिने हा नेम एकदाही चुकवला नव्हता. अमावास्या होऊन दोन दिवस गेले की कांबळं बगलेत मारून ती निघालीच. शेजारणींना त्याचं मोठं कौतुक वाटायचं. खरी गोष्ट अशी, की त्या सतरा महिन्यांत तिला पाळी आली होती दोनदा. बाकीच्या पंधरा खेपांना ती त्या खोपीत नुसतीच बसून होती.

हसू नका. गवताच्या खोपीत, जमिनीतली ओल अंगात मुरवत, लांबून वाढलेली पेज गिळत बसायची कुणाला हौस नसते. तिच्यावर ती वेळ आणली होती.

हे बसणं सुरू व्हायच्या आधी तिला सलग पाच महिने पाळी आली नव्हती. सासू देवकी हरखून गेली. हिरवी चोळी आली, ओटी भरली, लखूने रानातून मध काढून आणला. तुळजाला उलट्या होत नव्हत्या, पोटात काही हलत नव्हतं; पण घरात एवढा आनंद चाललेला असताना तोंड कोण उघडणार? आणि भर आवणात, भाताची रोपं लावताना, चिखलात वाकलेली असतानाच तिच्या पायांवरून रक्ताचे ओघळ आले. पाच महिन्यांचं एकदम. बांधावरच्या बायकांनी पाहिलं. सुईण येसूने पोट चाचपलं आणि सांगितलं, "पोर गेलं न्हाई. पोर नव्हतंच."

देवकीला ते पोर गेल्याहूनही जास्त लागलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "साऱ्या गावात तोंड काळं केलंस माझं. पुन्यांदा असं फसवलंस तर फुलाला आणते बघ लखूसाठी. म्हैन्याच्या म्हैन्याला बसत न्हाई ती बाई कसली?"

फुला म्हणजे देवकीच्या भावाची लेक. तेव्हा परकर नेसून हुंदडायची, पण वाढत होती. देवकीने त्या दिवसापासून मधल्या खांबावर कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली. सून बसली की एक रेघ. तुळजाच्या जिवाला घोर लागला. पुढचा महिना कोरा गेला, त्याच्या पुढचाही तसाच जाणार हे तिला अंगातल्या अंगात कळलं, आणि तिने कांबळं उचललं. खोपीत बसायला पुरावा लागत नाही, हे तिच्या त्या दिवशी ध्यानात आलं.

तिला झालं काय होतं, ते तिला माहीत नव्हतं आणि त्या मुलखात कुणालाच माहीत नव्हतं. लग्नात वेताच्या काठीसारखी असलेली पोर चार वर्षांत कमरेत आणि पोटात सुटली. डोंगर चढायची, भारे वाहायची, खायची इतरांएवढीच. तरी लोक म्हणायचे, लखूची बायको चोरून खाते. मानेवर काळा पट्टा आला. तो मळ समजून तिने दगडाने घासला, रक्त आलं, पट्टा गेला नाही. डोक्यावरचे केस विंचरताना झुबक्याने हातात यायचे. आणि जिथे यायला नको तिथे ते उगवले. हनुवटीखाली, ओठांच्या कडेला, काळे आणि राठ.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, लखूलाही नाही. पदर दातांत धरून बोलायची, नवऱ्याकडे पाठ करून निजायची. लखूला वाटायचं, बाई गर्विष्ठ आहे. कधी गोठ्यात शेण भरताना तिला एकदम रडू फुटायचं, कधी कुत्र्यावर नाहीतर भांड्यावर अशी खेकसायची की तिचं तिलाच नवल वाटायचं. येसूने तिळाचा काढा दिला, कसल्याशा साली उगाळून दिल्या. देवळात नारळ झाले, उपास झाले. शरीराला कशाचं काही नव्हतं.

म्हणून ती खोटी खोप तिला हळूहळू हवीशी वाटायला लागली. तिथे चार दिवस कुणी फिरकत नसे. मडक्यातल्या पाण्यात चेहरा बघत, बांबूच्या दोन कामट्यांच्या चिमट्यात धरून ती एकेक केस उपटायची. डोळ्यांतून पाणी यायचं. मग वर राख चोळायची. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत व्हायचा. निघताना कोरी फडकी ओहळावर भिजवून, पिळून, कुंपणावर सगळ्यांना दिसतील अशी वाळत घालायची. देवकी खांबावर रेघ मारायची आणि घर शांत राहायचं.

तुळशीचं लग्न झाल्यावर लखू कॅसलरॉकला गेला. डोंगर जाळून नाचणी पेरायला जंगलखात्याने बंदी केल्यापासून सुगी संपली की गडीमाणसं तिकडेच जात, स्टेशनावर लाकडं चढवायला. लखू येणार होता तो शिमग्याला.

पौषात तुळजाला मळमळायला लागलं. तिने करांद्याच्या कंदांना दोष दिला, नीट शिजले नसतील म्हणाली. माघात नेहमीप्रमाणे खोपीत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी हनुवटी वर करून चिमटा धरला होता, तेवढ्यात पोटात काहीतरी हललं. तिला वाटलं, वारा धरला. पुन्हा हललं. ती चिमटा टाकून दोन्ही हात पोटावर ठेवून बसली.

चौथ्या दिवशी न्हाऊन ती थेट येसूकडे गेली. येसूने यावेळी पोट दोनदा चाचपलं, कान लावला, मग तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"पाचवा लागंल आता. अगं, एवढे दीस काय झोपली हुतीस? तुला पाळीचं कळलं न्हाई?"

तुळजा हसली. लग्नानंतर एवढी कधी हसली नव्हती. येसूच्या घरापासून आपल्या घरापर्यंतची वाट ती जवळजवळ पळतच आली. देवकीला काय शब्दांत सांगायचं ते वाटेत जुळवत होती. पायरी चढली, आणि समोर मधला खांब दिसला.

कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. चार रेघा. पोट पाचव्यात, नवरा तुळशीच्या लग्नापासून बाहेर, आणि त्या चारही महिन्यांत ती खोपीत बसलेली साऱ्या गावाने पाहिलेली. मग हे पोर कधीचं? कुणाचं? ती पायरीवरच खाली बसली. नुसती घरात बसून राहिली असती तर आज तिची ओटी भरली असती.

तिने दडवायचा प्रयत्न केला. पोट आधीच सुटलेलं, त्यामुळे महिनाभर निभावलं. शिमग्याला लखू आला, पाण्याचा हंडा उतरवताना तिला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. देवकी खांबापाशी गेली, रेघांवरून बोट फिरवलं.

"कुणाचं गं?" तिने विचारलं.

"आत्ती, ह्यांचंच. देवाशप्पत ह्यांचंच. मी खोटी बसत हुते. मला येतच न्हाई कधी वेळेवर."

"खोटी? न आल्यावर भाईर बसणारी बाई दाखीव मला कुठं! भिताडासारखं पोट घिऊन वर मलाच शिकवतीस?"

लखू बाहेर गेला आणि गोठ्यात जाऊन उभा राहिला.

शिमग्याचे खेळ संपल्यावर आठव्या दिवशी मांडावर, गाव जमायच्या जागी, बैठक ठरली. तुळजाला माहेर म्हणायला एक म्हातारा चुलता होता, त्यालाही डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. बैठकीचा निकाल विरुद्ध गेला तर तिला त्याच दिवशी शीव ओलांडावी लागणार होती. पोटातल्या जिवाला घेऊन कुठे? आगगाडीच्या रुळांकडे, हेच एक तिला सुचत होतं. त्या आठ दिवसांत तिला खोपीतच ठेवलं होतं. शेजारी चिमटा पडलेला होता. तिने त्याला हात लावला नाही.

बैठकीच्या दिवशी ती मांडावर आली ती पदर दातांत न धरता. गावचा प्रमुख शंकर बुदवंत वडाखाली बसला होता, भोवती गडीमाणसं, मागे बायका. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एकीने तोंडावर हात घेतला आणि कुजबूज उठली. आठ दिवसांची दाढी, आणि उन्हात ती साफ दिसत होती.

"बगा," तुळजा म्हणाली. आवाज इतका थरथरत होता की बुदवंताला पुढे वाकून ऐकावं लागलं. "नीट बगा. चार वरसं मी ह्ये उपटतेय. माझ्या नवऱ्यानं बी बघितलं न्हाई. ह्ये ज्या बाईला येतं तिला म्हैन्याच्या म्हैन्याला पाळी येत न्हाई. माझं अंग असंच हाय, काय करू मी? सासूच्या भ्यानं भाईर बसले. फडकी कोरी हुती. पोर ह्यांचंच हाय." मग तिला रडू आवरेना.

सगळे येसूकडे बघायला लागले. येसू सहसा कुणाच्या भानगडीत पडत नसे. पण ती उठली. "अशा दोन बाया म्या बघितल्यात. एक माझी सख्खी भैन," ती म्हणाली. "चार-चार म्हैने काय न्हाई. तोंडावर असंच. आन् पोट म्हणाल तर सहाव्याचं हाय, म्या हातानं बघितलंय. लखू गेला त्याच्या आदीचं."

बुदवंताने लखूला विचारलं, "काय रं, पोर तुझं?"

लखूने तुळजाच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. आणि मान फिरवली. "पोर माझं असंल," तो म्हणाला. तिच्याबद्दल काही म्हणाला नाही.

तुळजा जिंकली होती. गाव तिला शिवेबाहेर काढणार नव्हतं. घरी परतल्यावर देवकीने मात्र अंगणात हात आडवा केला आणि खोपीकडे बोट दाखवलं. "लई हौस हुती न्हवं बसायची? बस आता."

आषाढात खोपीतच बाळंतपण झालं. मुलगी झाली. गळती लागलेल्या त्या गवताखाली येसूने नाळ कापली. बाराव्या दिवशी देवकीने पोरीला आत नेलं, केशर नाव ठेवलं, आणि दूध पाजायपुरती बाहेर आणायला लागली. तुळजाला आत ये म्हणायचं सगळे विसरले. विसरले कसले, कुणी म्हटलंच नाही. ती शेतात राबायची, ताटली बाहेर ठेवलेली असायची, ती उचलून खोपीत जायची. पुढच्या वैशाखात फुला सून होऊन आली.

केशर फुलाच्या कडेवर वाढली. तिलाच आई म्हणायला लागली. कधी दुडूदुडू खोपीपर्यंत यायची, तुळजाच्या हनुवटीचे केस मुठीत धरून ओढायची आणि खदखदून हसायची. तुळजा चिमटा केव्हाच विसरली होती. ती पोरीची इवली हनुवटी उजेडाकडे करून न्याहाळत राहायची. तिथे काही नव्हतं. अजून काही नव्हतं, असं ती मनात म्हणायची.

फुला महिन्याच्या महिन्याला खोपीत यायची, आणि देवकी आता खांबावर तिच्या रेघा मारायची. दोघी पाठीला पाठ लावून बसत, बोलत नसत. त्या वर्षी पौषात फुला आली, आणि दुसऱ्या दिवशी ओहळावर फडकी पिळताना तुळजाने पाहिलं, की पाणी नितळ होतं. असं पाणी तिच्याएवढं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"कवापास्नं?" तिने विचारलं.

फुला पांढरीफटक पडली. "ह्यो दुसरा म्हैना."

"मग घरात सांगत का न्हाईस?"

"सांगू कसं, अक्का? सांगितलं आन् पुन्यांदा आली तर? तुमचं काय झालं ते बघतेय न्हवं मी रोज."

तुळजा पाण्यात पाय सोडून बसून राहिली. मनात आलं ते चांगलं नव्हतं. बसू दे हिला. खांबावर रेघा वाढू देत. लखू यंदाही कॅसलरॉकला गेला होता. हिच्या वाटेची खोप हिलाही मिळू दे, केशर मग कुणाला आई म्हणेल? हा विचार तिने मनात बराच वेळ धरून ठेवला, सोडायला जीव होईना. फुला शेजारी बसून कोरी फडकी उगाच पिळत होती, पुन्हा भिजवत होती.

"ऊठ," तुळजा म्हणाली.

तिने फुलाला मनगटाला धरून अंगणातून नेलं आणि उंबऱ्यासमोर उभं केलं. देवकी दारात आली.

"आत्ती, हिला दोन म्हैने झालं न्हाई. भ्यानं भाईर बसलीय. त्या रेघा पुसा. पोर राह्यलं तर बरंच, न्हाई राह्यलं आन् तुमी हिला एक शबूद बोलला, तर मी ह्याच तोंडानं पुन्यांदा मांडावर जाईन."

देवकीने पदराच्या टोकाने खांबावरच्या दोन रेघा पुसल्या, फुलाला हाताला धरून आत घेतलं. केशर धावत येऊन फुलाच्या पायांना बिलगली. तुळजा मागे वळली.

"तुळजे!"

दोन वर्षांत देवकीने तिला नावाने हाक मारली नव्हती. तुळजा जागच्या जागी थांबली, आणि हात आपोआप तोंडावरचा घाम पुसायला गेला.

"खोपीतलं फुलाचं कांबळं तेवढं धुवून आण," देवकी आतून म्हणाली.

तुळजाने कांबळं ओहळावर नेऊन धुतलं, पिळून उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि ती खोपीकडे गेली.