गोमाजीची तुपाची डबी

वनस्पती तुपानं डोळे जातात, अशी बपेऱ्याच्या गोमाजीची पक्की समजूत होती. म्हणून लग्नाच्या पंगतीत तो बंडीच्या खिशात घरच्या तुपाची डबी घेऊनच बसे. साध्या भातावर तेच तूप घेई, तळलेल्या पुरीला हात लावत नसे. वीस वर्षं लोक हसले, डबी काही सुटली नाही.

एका लग्नात दवाखान्यातल्या पुष्पाबाई नर्सनं वनस्पतीचा डबाच त्याच्यापुढे ठेवला. "मामाजी, वाचा. डोळ्याचं व्हिटॅमिन टाकल्याबिगर सरकार हे विकूच देत नाही. कायदाच आहे तसा."

गोमाजीनं डबा जवळ धरला, लांब धरला, उन्हात नेला. बारीक अक्षरं काही लागेनात. मग त्यानं पत्रावळ पुढे सरकवली आणि वाढप्याला म्हणाला, "मले अक्षरं दिसेपर्यंत पुऱ्या वाढत राय."