पिठावरचा क्रूस

वहिनी परातीत फुग्यांचं, म्हणजे सणाला तळतात त्या गोल पावांचं, पीठ मळत होती. दुसऱ्या दिवशी चर्चचा सण होता. आमच्या वसईत पीठ मळून झालं की झाकण्याआधी त्यावर तळहाताच्या कडेने क्रूस काढतात. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो आणि माझं सगळं लक्ष फळीवरच्या फोनकडे होतं. दादाच्या गाठीचा रिपोर्ट त्या दिवशी कळणार होता.

फोन वाजला. डॉक्टरांचाच होता. उचलायचा मला धीर होईना.

“वहिनी, आधी फोन घे ना!” मी जवळजवळ ओरडलोच.

“थांबा भावजी,” ती म्हणाली. तिने पिठावर एक उभी रेघ ओढली, मग आडवी. घाई केली नाही. वर ओलं फडकं टाकलं आणि पिठाच्याच हाताने फोन उचलला.

गाठ साधी निघाली. ओटीवर बसलेला दादा लहान मुलासारखा रडला.

नंतर मी तिला विचारलंच, एवढं काय अडलं होतं? ती म्हणाली, “बातमी कळल्यावर सगळेच देवाचं नाव घेतात, भावजी. कळायच्या आधी घ्यायचं होतं.”

म्हणजे बातमी वाईट असती तरी पिठावरचा क्रूस तोच राहिला असता. हे मला फार उशिरा उमगलं.

सकाळी पीठ फुगून वर आलं होतं. क्रूस कुठेच दिसत नव्हता. तो पिठात मुरला होता.

मीही रोज प्रार्थना करतो. पण माझी प्रार्थना अजूनही फोन ठेवल्यावर सुरू होते.