मागे कोणी बसत नाही

राजे टायर घेणार होते, आणि घेणार होते हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ झालं होतं.

साध्या माणसाचा टायर झिजला की तो दुकानात जातो, "बसवा" म्हणतो आणि काम उरकून घरी येतो. राजे साधे माणूस नव्हेत. म्हणजे, होते तसे साधेच. एका कारखान्याच्या गोदामात आलेली खोकी मोजायची आणि गेलेली खोकी मोजायची, ही त्यांची नोकरी. राजेपण आलं ते गाडीमुळे. लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची, पाय पुढे पसरून आरामखुर्चीत लोळल्यासारखी चालवायची ती क्रूझर मोटारसायकल त्यांनी घेतली. भर उन्हात काळं कातडी जाकीट चढवून ते पहिल्यांदा गल्लीतून निघाले, तेव्हा कोपऱ्यावरचा न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "आले बघा, राजे आले!" न्हावी टर उडवत होता. ह्यांना वाटलं, मान दिला. तेव्हापासून नाव चिकटलं.

आता या राजांची स्वारी जायची कुठवर? गोदामापर्यंत आणि परत. रविवारी सकाळी हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथं त्यांच्याच वयाची, त्यांच्यासारखीच पोटं टाकीवर टेकवलेली मंडळी जमायची आणि एकमेकांना 'ब्रदर' म्हणायची. ब्रदर, तुझा सायलेन्सर काय वाजतो! ब्रदर, आरसे कुठून आणलेस? घरी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेली माणसं ही, आणि टपरीवर प्रेम नुसतं उतू जातंय!

राजांची बायको गाद्या आणि सीटा शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. सोफ्याची कव्हरं, स्कूटरच्या सीटा, दवाखान्यातली बाकडी, जे येईल ते. जाड रेक्झिनमधून सुई ओढून ओढून तिची बोटं दणकट झाली होती. पन्नाशीला आली तरी तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या तोंडी ती अजून 'धाकटी'च होती, आणि आपणही तिला तेच म्हणू, कारण राणी म्हणावं असं तिला त्या घरात कधी कोणी वागवलेलं नव्हतं.

खोटं कशाला बोला, धाकटीला ती गाडी आवडायची. गाडी आली तेव्हा मागची सीट फळीसारखी कडक होती. धाकटीचा उजवा खुबा दुखायचा. तिनं दुकानातून उरलेला फोम आणला, खाली कडक थर, वर मऊ थर, खुबा टेकतो तिथं हलकासा खोलगट भाग, वर काळं रेक्झिन आणि कडेनं दुहेरी शिवण. अशी सीट बनवली की तिच्या दुकानाच्या मालकानं त्या शिवणीवरून दोनदा हात फिरवला. टपरीवर ब्रदर लोक सीट बघून म्हणाले, "वा! कुठून बनवून घेतली?" राजे म्हणाले, "कस्टम आहे, ब्रदर." धाकटी तिथंच, हातात चहाचा ग्लास धरून उभी होती. तेव्हा तिला हसूच आलं होतं.

तर टायर. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, पुढचाही त्याच वाटेवर होता. आणि नेमकं त्याच सुमाराला डोंगरापलीकडून ताईचा फोन आला. ताईच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. जिकडे बघावं तिकडे मधोमध धुरकट ठिपका दिसायचा आणि तो वाढत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"तुझं तोंड दिसतंय तोवर येऊन जा गं," ताई म्हणाली. "नंतर आलीस तर मी नुसता आवाज ऐकायचा. आणि ये ती त्या धुडावर बसून ये. माझी धाकटी कशी दिसते त्यावर, बघू दे एकदा."

"जाऊ की!" राजे म्हणाले. "गाडीवरच जाऊ. टायर बदलले की निघालोच."

धाकटीचा चेहरा खुलला. नवऱ्यानं एका शब्दात होकार द्यावा हे तिच्या नशिबी फार वेळा आलेलं नव्हतं.

आणि मग राजांनी टायर निवडायला घेतला. अरे देवा! मुलीसाठी स्थळ शोधतानाही कोणी इतका घोळ घालत नसेल. जेवताना मोबाइलवर टायर. झोपताना मोबाइलवर टायर. एक पांढऱ्या पट्टीचा आवडला. तर टपरीवरचा एक ब्रदर म्हणाला, पांढरी पट्टी म्हणजे म्हातारपणाची निशाणी. झालं, पट्टी गेली. मग रुंद हवा झाला. मग रुंद, पण नक्षी खोल नको. मग अंगावर पांढरी अक्षरं असलेला, कारण उभी गाडी लांबून 'उठून दिसली' पाहिजे. चालणाऱ्या गाडीबद्दल या गृहस्थाला एकही प्रश्न पडला नाही. सगळे प्रश्न उभ्या गाडीचे.

तिकडे ताईचे फोन येतच होते. आज म्हणे वर्तमानपत्र वाचता आलं नाही. मग म्हणे सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवावं लागलं. मग एकदा हसत हसत म्हणाली, "आज चहा कपाच्या बाहेरच ओतला गं मी."

धाकटी ते हसणं ऐकून न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर येऊन म्हणाली, "अहो, मी बसनं जाऊन येते."

"घरात असली गाडी असताना बसनं?" राजे कडाडले. "लोक काय म्हणतील? आणि ताईंनाच तुला गाडीवर बघायचंय ना? मग! जरा धीर धर. टायर म्हणजे काय भाजी आहे, गेलं आणि घेतली?"

ताईचं नाव मध्ये घातल्यावर धाकटीनं बसचा विषय सोडून दिला. बेरकी होता माणूस. आपलं घोडं दामटायला दुसऱ्याची इच्छा वापरावी कशी, हे त्याला बरोबर कळायचं.

अखेर एका सुट्टीच्या सकाळी राजे म्हणाले, "चल, आज टायर." धाकटी आपल्या सीटवर बसली आणि दोघं टायरच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक लांबट गाळा, छतापर्यंत टायरांच्या चळती, रबराचा वास आणि कोपऱ्यात धडधडणारं हवेचं यंत्र. एकच प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यावर धाकटी बसली, हेल्मेट मांडीवर घेऊन. दुकानदाराचा मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे अडकलेला होता, आणि गिऱ्हाईक लवकर कटावं एवढीच त्याची इच्छा दिसत होती.

त्यानं दोन टायर पुढे ढकलले. एक साधा, काळा, तोंडावर काही शोभा नाही. "हा दोघांना घेऊन लांब जायला. वर्षानुवर्षं बघायला नको." दुसरा रुंद, चकचकीत, अंगावर ठसठशीत पांढरी अक्षरं. राजे त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. बसले म्हणजे काय, लोटांगणच घालायचं बाकी ठेवलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. मोबाइल काढून त्याचा फोटो काढला, तो ब्रदर लोकांना पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहिले. उत्तर आलं. राजांचा चेहरा उजळला.

"हाच," ते म्हणाले.

"घ्या," दुकानदार म्हणाला. "पण हा वजन कमी झेलतो. एकट्याला चालेल. मागे कोणी बसतं का?"

तो प्रत्येकालाच विचारतो तसं त्यानं विचारलं, वर न बघता. राजांनी मात्र वर बघितलं. हातभर अंतरावर धाकटी बसली होती. हेल्मेटनं चपटे झालेले तिचे केस अजून तसेच होते. राजांनी तिच्याकडे बघितलं, मग टायरकडे बघितलं.

"नाही हो," ते म्हणाले. "मागे कोणी बसत नाही."

दुकानदारानं एकदा धाकटीच्या मांडीवरच्या हेल्मेटकडे नजर टाकली, "बरं" म्हणाला आणि पाना उचलला. त्याला काय, गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा.

कोणीतरी कानशिलात मारावी तसं धाकटीला झालं. "थांबा, विचार करतो," एवढं जरी हा माणूस म्हणाला असता तरी तिनं गिळलं असतं. अक्षरं पांढरी असावीत की काळी हे ठरवायला ज्याला उन्हाळा पुरला नाही, त्याला बायकोला पुसून टाकायला एक श्वास पुरला. आणि तेही ती समोर बसलेली असताना! तिला राग आला, पण त्याआधी लाज वाटली. आपण या माणसाच्या पाठीला धरून इतकी वर्षं बसलो, याची लाज.

टायर चढले. राजांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, जाकिटाच्या बाहीनं अक्षर पुसलं. मग स्वार होऊन म्हणाले, "चल, बस."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मागे!"

"मागे तर कोणी बसत नाही," धाकटी म्हणाली.

राजे हसले. "अगं, ते त्याला सांगायला! दोन माणसांनी काही होत नाही. हे लोक उगाच घाबरवतात."

म्हणजे एक तर तू नाहीस, आणि असलीस तर पडून मर. धाकटीनं मनातल्या मनात हिशेब मांडला आणि तो चोख उतरला. तरी तिनं एक शेवटचं विचारून घेतलं. "आणि ताईकडे?"

"जाऊ की. आधी मी ब्रदर लोकांबरोबर एकटा जरा फिरवून घेतो. नवीन रबर असतं, घासायला लागतं. मग बघू."

"बघा," धाकटी म्हणाली आणि चालायला लागली. राजे दोनदा हॉर्न वाजवून पुढे निघून गेले. मागे वळून तिच्याकडे बघण्यापेक्षा आरशात टायर दिसतो का, हे बघण्यात त्यांचं लक्ष होतं. टायर आरशात दिसत नाही, हे कळायलाही त्यांना एक चौक ओलांडावा लागला.

दुपारी जेवून राजे आडवे झाले. फार दमले होते बिचारे, निवड करून! धाकटीनं पिशवीत दोन साड्या भरल्या, औषधाची डबी टाकली. मग कामाच्या पेटीतला पाना घेऊन ती अंगणात गेली. मागची सीट एका बोल्टवर असते. दिवसभर हेच काम करणाऱ्या बाईला त्याला किती वेळ लागणार? सीट निघाली. खाली नुसता काळा पत्रा उरला. तिनं बोल्ट परत जागेवर घट्ट बसवला, कारण काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. सीट मोठ्या पिशवीत घातली आणि ती आत येऊन खाटेपाशी उभी राहिली.

"अहो, मी ताईकडे जाते."

"हं," राजे डोळे न उघडता, सवयीनं म्हणाले. "टायर बदलले की."

बस डोंगर चढली आणि उतरली. धाकटी खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर. रस्ता तिनं मनातल्या मनात इतक्यांदा गाडीवरून केला होता की प्रत्येक वळणावर तिला रडू यायचं आणि प्रत्येक वळणानंतर राग यायचा. उतरेपर्यंत रडू संपलं. राग मात्र शिल्लक होता.

ताई दारातच उभी होती. तिनं धाकटीला हाताला धरून खिडकीपाशी नेलं, उजेडाकडे वळवलं, आणि मान वाकडी करून भलतीकडेच बघायला लागली.

"इकडे बघ ना, ताई."

"तुझ्याकडेच बघतेय. समोर बघितलं की तू नाहीशी होतेस. तुझ्या कानाकडे बघितलं तर तोंड दिसतं, थोडं कडेनं." ताईनं तिच्या कपाळावरून, नाकावरून बोट फिरवलं. "केस पिकलेत गं तुझे. गाडीवर आलीस?"

धाकटी लवकर आली असती, तर ताईला समोर बघून ती दिसली असती. हे ताई बोलली नाही. धाकटीला ते न बोलताच कळलं, आणि तिनं नवऱ्याला मनातून जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

"नाही, बसनं आले," ती म्हणाली. "गाडीतलं माझं होतं तेवढं घेऊन आले." तिनं पिशवीतून सीट काढून ताईच्या लाकडी खुर्चीवर ठेवली आणि ताईला तिच्यावर बसवलं. ताई हाताने शिवण चाचपत राहिली. "दुहेरी आहे," ती म्हणाली. "तुझीच. कोणी सांगायला नको."

दुसऱ्या दिवशी रविवार. दोघी खिडकीशी चहा पीत होत्या, आणि ओतला धाकटीनं, म्हणून कपातच पडला होता. तेवढ्यात फोन वाजला. मागून टपरीचा गोंगाट आणि कोणाचं तरी खो खो हसणं ऐकू येत होतं.

"अगं, सीट कुठाय?" राजे ओरडत होते. "मागची सीट! नुसता पत्रा दिसतोय. इथं येईपर्यंत मला पत्ताच नाही! सगळे हसतायत मला!"

धाकटी थांबली. आणखी काही विचारतो का, याची तिनं वाट बघितली. तू कुठे आहेस, पोचलीस का, रात्री घरी का नव्हतीस. अगदी एखादा शब्द.

"अगं, ऐकतेस ना? सीट कुठे ठेवलीस?"

तिनं फोन बंद केला आणि पालथा ठेवला. ताईनं तिच्या कानाकडे नजर लावली, तोंड नीट दिसावं म्हणून.

"कोण होतं गं?"

"कोणी नाही," धाकटी म्हणाली, आणि तिनं ताईचा कप पुन्हा भरला.