गुलाबांखालचे सहा फूट

ढाळकाका कुणाच्याही घरी गेले की चहाआधी मगभर पाणी मागत, आणि ते पीत नसत. फरशीवर ओतून ते कुठे पळतं ते बघत. माझ्या जवाहर नगरातल्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाणी थेट सोफ्याखाली गेलं. "काय गं डॉक्टर, लोकांच्या दातांतले खड्डे बुजवतेस आणि घरातला तसाच?" मला राग आला होता. पण पुसायचं फडकंही त्यांनीच मागून घेतलं.

मूळचे भुसावळचे. रेल्वेत रुळांची देखभाल करण्यात जन्म गेला, बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. "आधी थांबायचं कुठे ते सांग, मग चालायचं बघू," हे ते सगळ्यांना ऐकवत, लग्न ठरलेल्या मुलींनासुद्धा.

गावोगावी दात तपासायला मी जीपमागे ओढायचा ट्रेलर घेतला आणि काकांना काम मिळालं. घर गल्लीपेक्षा गुडघाभर उंच. फाटकापासून पोर्चपर्यंत नवा रस्ता करायचा होता. काकांनी भाजीवाल्या भैयाचा ठेला सायकलमागे बांधून आत वळवला. ठेल्याची चाकं आतल्या अंगाने आली, फाटकाच्या खांबाला घासली, चार वांगी गल्लीत. "बघितलंस? मागचं पुढच्याच्या वाटेनं येत नसतं." खांब तीन फूट सरकला. चढ अगदी हलका, त्यावर आडव्या खाचा, आणि वर पोर्चापाशी जीप आणि ट्रेलर दोन्ही उभे राहतील एवढी सपाट जागा. त्यांनी चुन्याने रेघा मारल्या. "ही शेवटची रेघ हलवायची नाही."

त्या रेघेत माझा गुलाबांचा वाफा जात होता. काका भाचीच्या लग्नाला भुसावळला गेले, तेव्हा मी मिस्त्रीला सपाट जागा सहा फूट कमी करायला सांगितलं. "काकाजी नाराज होंगे," तो म्हणाला. त्यांना मी सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही.

परत आल्यावर त्यांनी मगभर पाणी मागितलं. जिथे पाणी थांबायला हवं होतं तिथून ते फाटकाकडे पळालं. काकांनी पाण्याकडे बघितलं, मग गुलाबांकडे. "मिस्त्रीनं घाई केली वाटतं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी चाकांमागे लावायला दोन लाकडी ठोकळे घेऊन आले. त्यानंतर दर शनिवारी मी गावाहून परतायच्या वेळेला ते फाटकात हजर. "तू विसरशील," म्हणत आणि ठोकळे स्वतः लावत.

एका शनिवारी मी दमले होते, चिडलेही होते. त्यांनी दुसरा ठोकळा लावायच्या आतच मी ट्रेलर जीपपासून सोडवला. तो मागे सरकला. काका ठोकळा हातात घेऊन मागेच वाकलेले होते. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

बंगळुरूहून त्यांचा मुलगा धावत आला. मी काही बोलायच्या आत काका पलंगावरून म्हणाले, "माझंच माप चुकलं रे. सपाटी कमी पडली." एका सुताच्या फरकासाठी मिस्त्रीशी दिवसभर भांडणारा माणूस! मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच जास्त वाटलं. मी गप्प बसले.

मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला. निघताना त्याने त्यांच्या खिशातली टेप काढून घेतली. "बाबा, आता बस करा. मतलब, तुमची मापं चुकायला लागलीत." गाडीत बसल्यावर काका मला म्हणाले, "दोन्ही ठोकळे लावत जा."

मी गुलाब उपटले आणि रस्ता त्यांच्या रेघेपर्यंत नेला. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "पाणी थांबतं?" थांबतं म्हटलं. "मग झालं."

गेल्या महिन्यात काका गेले. मुलगा फोनवर म्हणाला, "शेवटी शेवटी मी त्यांना कशालाच हात लावू दिला नाही, ताई. घरात साधा खिळासुद्धा ठोकू दिला नाही. मापं चुकायची ना, तुम्हाला तर माहीतच आहे."

मी "हो" म्हणाले.

तो जयपुरात वाढलाय, मराठी अडखळत वाचतो. म्हणून त्याच्यासाठी सोपं लिहिते. तुझ्या बाबांचं माप बरोबर होतं. सहा फूट मी कमी केले.