आमचे हे पळतात

आमचे हे पळतात, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. जणू माझ्यापासूनच पळतात ते. ऑफिसातल्या एकीने तर विचारलंच, "पण परत येतात ना?" म्हटलं, येतात हो, आणि आल्या आल्या घामेजलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकतात. वीसदा सांगून झालं, खुर्ची काही सुकली नाही.

धंदा म्हणाल तर हे दात बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि हे त्यावरून कवळ्या करतात, एखादा सुटा दात करतात. दोन गल्ल्या सोडून यांची छोटी लॅब आहे. दिवसभर मान खाली, डोळ्याला भिंग आणि चिमट्यात कुणाचा तरी मेणाचा दात. संध्याकाळपर्यंत पाठ अशी झालेली असते की शटरला कुलूप लावायला वेगळं वाकावं लागत नाही. मी कुरियर कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोकांचा राग ऐकायचा आणि गोड बोलायचं. म्हणून घरी माझ्या जिभेला हाड नसतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

यांचं पळणं म्हणजे काही शर्यत-बिर्यत नाही. एक पदक आणलं असेल तर शपथ. उजाडलं की कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. मला आधी हे खूळच वाटायचं. घरात झाडू मारा म्हटलं की कंबर दुखते आणि पुलापर्यंत बरी दुखत नाही.

मग एक वर्ष असं आलं की लॅबमध्ये काम फार झालं आणि पळणं सुटलं. आधी आठवड्यातून एखादा दिवस, मग सगळेच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. हळूहळू हे बोलायचे बंद झाले. भांडण नाही, तंटा नाही, नुसते गप्प. जेवायला बसायचे आणि भाजीत मीठ आहे की नाही हेही कळायचं नाही. एकदा दुपारी डबा द्यायला गेले, तर शटर अर्धं खाली आणि हे आत अंधारात स्टुलावर बसलेले. "काय करताय?" विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. उठवत नाहीये." त्या दिवशी मला जी भीती वाटली ती आजतागायत पुरती गेलेली नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि एक साधा प्रश्न विचारला: पूर्वी काय करत होतात जे आता करत नाही? हे म्हणाले, पळायचो. गोळ्या कालांतराने बंद झाल्या, पळणं चालू राहिलं. तेव्हापासून ते खूळ आहे असं मी चुकूनही म्हणत नाही. उलट त्या बुटांवर माझाच पहारा असतो.

एवढं सगळं मार्गी लागलं आणि सासूबाई गेल्या. बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले, आणि मी तक्रारींचे फोन घरूनच घ्यायला लागले. बाबांनी सगळी नोकरी बस डेपोत काढली. गेटपाशी उभं राहून गाड्या सोडायचं काम. कुठली गाडी आत आली, कुठली बाहेर गेली, कुणाची वेळ झाली, सगळं तोंडपाठ. त्यांनी हात केल्याशिवाय गाडी गेटाबाहेर पडायची नाही. असा माणूस विसरायला लागला. आधी चष्मा, मग कालचा दिवस, मग सासूबाई गेल्या आहेत हेच. ते दर वेळी नव्याने सांगायचं नाही असं आम्ही ठरवून टाकलं.

नोकरीच्या सवयीने बाबांना पहाटे जाग यायची. उठले की पहिला प्रश्न, "बाळ कुठाय?" मी सांगायची, पळायला गेलेत, येतील. ते मान डोलवायचे, आणि मी दुधाकडे वळते न वळते तोच, "सूनबाई, बाळ कुठाय?" एका सकाळी मी आंघोळीला गेले आणि बाबा यांना शोधायला बाहेर पडले. अनवाणी. पेपरवाल्याने ओळखून घरी आणलं. कोपर खरचटलेलं, एका स्कूटरचा धक्का लागलेला. थोडक्यात निभावलं. यांनी कोपराला मलम लावलं, बूट पुसले आणि कपाटावर ठेवून दिले. म्हणाले, "झालं तेवढं पुरे."

त्याच सुमारास लॅबमधला मदतनीस दुसरीकडे लागला. दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सकाळी बाबा, दिवसभर दात, संध्याकाळी पुन्हा बाबा. आणि एके रात्री भाजीत मी मीठच घालायला विसरले होते, तर हे मुकाट्याने जेवून उठले. 

दुसऱ्या दिवशी मी स्टूल लावून बूट खाली काढले. "जा," म्हटलं. "बाबांना मी बघते."

"तुझं ऐकतात का ते?"

नव्हते ऐकत. एकदा मी दाराला आतून कुलूप लावून पाहिलं. बाबा दारावर हात आपटत राहिले, आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले. मी कुलूप काढलं. पुन्हा लावणार नाही, हे तिथेच ठरवलं. मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे धूळ खात पडलेलं पळायचं मशीन आणलं. बाई त्यावर टॉवेल वाळत घालायच्या. हे हॉलमध्ये त्यावर पळायला लागले, आणि बाबा शेजारी उभे राहून काळजीने बघत राहिले. "अरे, एवढा पळतोयस, पण पोचत कसा नाहीस?" दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्यांना दया आली आणि त्यांनी बटणच बंद केलं. हे समोरच्या दांडीवर आदळले. दुसऱ्यांचे दात बनवता बनवता स्वतःचेच बनवायची पाळी यायची. मशीन पुन्हा टॉवेलांच्या सेवेला गेलं.

शेवटी मार्ग सापडला तो आमच्या बाल्कनीतून. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, इमारतीला चारी बाजूंनी आवार आहे. बाल्कनीत बाबांची खुर्ची टाकली आणि यांना म्हटलं, इमारतीभोवती पळा. बाबांना दिसत राहाल. यांनी कपाळाला हात लावला, पण गेले. पहिली फेरी मारून बाल्कनीखाली आले तसे बाबा खुलले. "आलास का?" हे म्हणाले, "आलो, बाबा." मागच्या बाजूला गेले की बाबा विसरायचे, आणि पुन्हा समोर आले की तोच आनंद. "आलास का?" "आलो, बाबा." दर फेरीला मुलगा नव्याने घरी यायचा. मी कणीक मळता मळता ऐकायची आणि मला हसू यायचं. शिक्षिकाबाई वरून म्हणायच्या, "अहो, कधी उलटेही फिरा, एकच पाय झिजेल." चार-सहा आठवड्यांत हे पुन्हा बोलायला लागले. एकदा चक्क आमटी खारट झाली म्हणून तोंड वाकडं केलं. मी इतकी आनंदले की भांडलेही नाही.

पण कालव्याचा रस्ता तो कालव्याचा रस्ता. पार्क केलेल्या गाड्यांमधून अंग चोरत गोल गोल फिरण्यात जीव रमत नव्हता, ते मला दिसत होतं. पाट्या टाकल्यासारखं चाललं होतं. मध्येच एखाद्या दिवशी "आज राहू दे" सुरू झालं. या "आज राहू दे"ला मी चांगली ओळखते. मागच्या वेळी तेच पहिलं आलं होतं.

आणि मग एका सकाळी बाबांनी "आलास का" म्हटलंच नाही. हे खालून येताना दिसले तसे ते खुर्चीतून उठले, कठड्यापाशी ताठ उभे राहिले आणि तळवा पुढे करून त्यांना थांबवलं.

"कुठली गाडी?"

हे धापा टाकत उभे. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या माझ्याकडे बघितलं. यांच्या जागी मी असते तर म्हणाले असते, अहो बाबा, गाडी कसली, हा तुमचा मुलगा. हे म्हणाले, "कालव्याची."

"मग आत काय घिरट्या घालतोस? डेपो काय गाडी फिरवायला आहे? पॅसेंजर खोळंबलेत तिकडे. काढ बाहेर." आणि त्यांनी हात केला. असा हात, की पुढे वाद नाही. हे फाटकातून बाहेर पडले आणि कालव्याच्या बाजूला वळले.

मी पिठाच्या हातांनीच बाल्कनीत धावले. आता बाबा उठणार, चपला शोधणार, या तयारीने त्यांच्या शेजारी उभी राहिले. ते शांत बसले होते. मीच शेवटी घाबरत विचारलं, "बाबा, गाडी कुठे गेली?"

"रूटवर आहे."

"येईल ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच बुद्धीची शंका आली. "बाई, गेलेली गाडी येतेच. उशीर होतो. म्हणून काय कुणी डेपो सोडून तिच्यामागे धावतं?"

हे पुलापर्यंत जाऊन आले. बाबांनी वरून हात दाखवला, "लाव तिकडे." यांनी जिन्यापाशी स्वतःला लावलं.

तेव्हापासून असंच चाललंय. सकाळी बाबा गाडी सोडतात, हे कालव्यावर जातात, बाबा आरामात वाट बघतात. मुलगा दिसला नाही तर जीव कासावीस होणारा माणूस, गाडी दिसली नाही तर जराही हलत नाही. साऱ्या आयुष्याची सवय होती ती, वाट बघण्याची. यांच्या तोंडावर तजेला आला. मदतनीस मिळाला नाही, कामाचा ढीग तसाच आहे, पण ढिगावर बसलेला माणूस माझा आहे, ओळखीचा. मी खूश होते. देव पावला असंच म्हणत होते. दिवसा बाबा कधीकधी यांना ओळखायचे, जेवताना "बाळ, अजून घे" म्हणायचे. तेही कमी होत गेलं, आणि त्याकडे आम्ही दोघंही मुद्दाम बघत नव्हतो.

गेल्या आठवड्यात हे जरा उशिरा परतले. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

"उशीर झाला," बाबा म्हणाले.

"पुलावर रस्ता खणलाय, साहेब." हे आताशा साहेबच म्हणतात. ड्रायव्हर काय म्हणणार?

"बरं, लाव." एवढं बोलून बाबा नेहमी बसतात. त्या दिवशी बसले नाहीत. कठड्यावरून वाकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "एक विचारू का? रस्त्यात आमचा मुलगा दिसला का? सकाळचा पळायला जातो तो."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. हे खाली, मान वर करून उभे. मला वाटलं, आता सांगतील, बाबा, अहो मीच तो. मनातून मी म्हणतही होते की सांगा, एकदा तरी सांगून बघा. यांनी बाहीने तोंड पुसलं.

"दिसला, साहेब."

"बरा आहे ना?"

"बरा आहे. छान पळत होता."

"येतोय ना पण?"

"येतोय. माझ्या मागेच आहे."

बाबांचा चेहरा उजळला. "मग हरकत नाही. हल्ली काम फार असतं त्याला. उद्या भेटला तर सांग, कितीही काम असू दे, पळणं सोडू नको म्हणावं. ते सुटलं की तो फार गप्प होतो."

मला वाटायचं, हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

"सांगतो, साहेब," हे म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

बराच वेळ झाला तरी हे वर आले नाहीत. मी खाली गेले. पहिल्याच पायरीवर बसले होते, बूट तसेच पायात, तोंड दोन्ही हातांत.   मी शेजारी बसले आणि आम्ही दोघंही रडलो, आवाज न करता, वर ऐकू जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात वरून बाबांची हाक आली. "सूनबाई, बाळ येतोय म्हणे. ड्रायव्हरने सांगितलं. चहा टाकून ठेव."

मी डोळे पुसले, वर गेले आणि तिघांचा चहा टाकला.