मामाची मुलगी चालते

मुलांनो, तुमची आई बी.एस्सी.ला असताना माझी थोरली नणंद सावनेरहून आली आणि आपल्या मुलासाठी तिला मागू लागली. आमच्यात मामाची मुलगी करायची चाल आहे. चालीपुढे अक्कल चालवायची नाही, हीसुद्धा चालच आहे.

"घरची पोरगी घरात राहीन. काहून वं नाही म्हणून राहिली?"

"मग तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी करा, ताई."

"बाप्पा! ते त त्याची मावसबहीण होते!"

मी समजावलं, मामेबहीण काय आणि मावसबहीण काय, दोघींशी त्याचं रक्त सारखंच जुळतं, आठवा हिस्सा.

"तुह्या इंग्रजी पुस्तकाले काय समजते आमच्यातलं?"

जणू रक्त यांच्या चालीरीती विचारूनच अंगात वाहतं. तुमचे आजोबा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. ते वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

शेवटी तुमची आईच दारात आली. "आत्या, मले नाही करायचं."

नणंद न जेवता निघून गेली. तिच्यासाठी केलेली पाटवडी आम्ही मायलेकींनी पोटभर खाल्ली. आजोबांना मी वाढली नाही.