डॉक्टरांच्या नावावर

माझी मुलगी आठ वर्षांची असताना शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडली. पहिल्यांदा आम्ही उपाशी पोटी गेली असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा तिचे ओठ निळसर पडले होते. आधी तालुक्याचा दवाखाना, मग भंडारा, मग नागपूर असं करत कळलं की जन्मापासूनच तिच्या हृदयाचे ठोके फार हळू पडतात, पेसमेकर बसवावा लागेल. हा शब्द मी तोवर म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतच ऐकला होता.

पेसमेकर बसवून दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी नवरा औषधांच्या रांगेत होता आणि डॉक्टरांसमोर मी एकटीच बसले होते. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मोबाइल छातीशी धरायचा नाही, कबड्डीसारखा छातीवर मार बसेल असा खेळ नको. बाकी सगळं करू द्या, म्हणाले. पळू द्या, सायकल चालवू द्या, त्यासाठीच तर हे बसवलंय.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, पळायचं नाही म्हणाले.

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. मुलीच्या गळ्याखालची पट्टी बघितली आणि तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघालं ते निघालंच. डॉक्टरांचं नाव घेतलं की घरात कोणी वाद घालत नाही, हे माझ्या लक्षात आलं. सायकल मागितली, तर डॉक्टर नको म्हणाले. मैत्रिणी गावच्या तळ्यात, बोडीत पोहायला निघाल्या, तर डॉक्टर नको म्हणाले. शाळेची सहल गोसीखुर्दचं धरण बघायला गेली, तेव्हाही डॉक्टरांनाच पुढे केलं. रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी पाण्यानं भरलेल्या शेतात, बांधीत उतरायच्या, चिखलानं माखून यायच्या. माझी बांधावर छत्री घेऊन बसलेली असायची.

मी अंगणवाडीत शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना टाळ्या वाजवून उड्या मारायला लावायची आणि घरी येऊन स्वतःच्या मुलीला म्हणायची, बस एका जागी. ती बसायची. हट्ट करत नसे, म्हणून मला बरं वाटायचं. शहाणी आहे माझी पोर, असं मी चारचौघांत सांगायची.

दर सहा महिन्यांनी नागपूरला तपासणी असे. छातीवर एक चकतीसारखं यंत्र ठेवायचे, पडद्यावर आकडे बघायचे, काही त्रास आहे का विचारायचे. मी नाही म्हणायची आणि आम्ही परत निघायचो.

ती नववीत असताना तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहानच होत्या. त्यांनी यंत्रातून नोंदींचा कागद बाहेर काढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला माहीत नव्हतं, पण पेसमेकर माणूस दिवसभरात किती हालचाल करतो तेही नोंदवून ठेवतो. बाईंनी मला काही विचारलं नाही. थेट मुलीकडे वळल्या. ठोके छान आहेत, यंत्र छान आहे, मग तू दिवसभर बसूनच असतेस का, खेळत नाहीस का?

मुलगी म्हणाली, "तुम्हीच तर नको म्हटलं."

बाईंनी जुनी फाइल उघडली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फाइल मिटली आणि मुलीला हळू आवाजात सांगितलं की तिला कबड्डी सोडून जवळजवळ सगळं करता येईल, पहिल्या दिवसापासून येत होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी आणलेल्या पोळीला हात लावला नाही. कारध्याला बस पुलावर आली. मग वैनगंगेकडे बघतच तिनं विचारलं, "तू मले खोटं काहून सांगतलं?"

मी म्हटलं, "मले भेव लागे, बाई."

"भेव तुले लागे," ती म्हणाली, "अन् बसून मी राहिली."

मी पोळी परत पिशवीत ठेवली.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि हात धुऊन उठला. सोमवारी मी शाळेत गेले. खेळाच्या सरांना म्हटलं, डॉक्टरांची मनाई नव्हती, माझी होती. सर बिचारे काय बोलणार, बरं बरं म्हणाले. शेजारणींनाही सांगितलं. एक म्हणाली, आईचं काळीज असंच असते, जाऊ दे. तिनं समजूत घालावी आणि मी ती घालून घ्यावी, हे मला जमलं नाही.

सायकल घेतली. ती शिकली, पण नववीतली मुलगी रस्त्यावर तोल सांभाळत चालवते आणि दुसरीतली पोरं हसतात, म्हणून शाळेत नेईना. सरांनी तिला पळायला उभं केलं, तर चौथी-पाचवीच्या मुली तिच्या पुढे गेल्या. मी कुंपणाबाहेरून बघत होते. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, रोज थोडं पळशील तर होईल सवय.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता मले आवडतच नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच आवडत नव्हतं तिला. ज्या वयात ते आवडायला लागतं, ते वय मी तिला बसवून घालवलं होतं.

आता ती भंडाऱ्याला कॉलेजात आहे. तब्येत चांगली आहे. तपासणीला एकटी आत जाते, मी बाहेरच्या बाकावर बसते. मागच्या रोवण्याला मात्र सुट्टीत घरी होती, तर कुणी न बोलावता बांधीत उतरली. मला वाकून धानाची रोपं, पऱ्हे लावता येतात, तिला येत नव्हते. तिनं मला विचारलं नाही. शेजारच्या काकूजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, दाखवा जरा. मी दुसऱ्या टोकाला माझी ओळ लावत राहिले.